लाल दाणा कधी निघणार?

हल्ली दिवसाची कामे आटोपली की घरातील मुले मोबाईलवर खेळ घेऊन बसतात. त्यातील पुष्कळ खेळांत पडद्यावर एक बंद पेटी दिसते. पैसे भरले की ती उघडते. आत बहुधा किरकोळ वस्तू निघते; क्वचित एखादे भारी शस्त्र किंवा भारी पोशाख निघतो. कोठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, भारी वस्तू निघण्याची शक्यता शेकडा 1.

हे वाचून मुलगा हिशेब करतो, “शेकडा एक, म्हणजे शंभर पेट्यांत एक मिळणारच. नव्वद उघडून झाल्या, आता दहाच राहिल्या!” ऐकायला हा हिशेब सरळ वाटतो, पण तो चूक आहे आणि त्यापायी घरचा पैसा जातो. चूक कोठे होते ते आपण घरीच पडताळून पाहू.

दाण्यांचा प्रयोग

तुरीचे नऊ पांढरे दाणे आणि एक लाल दाणा एका पिशवीत घाला. न बघता एकेक दाणा काढा व बाजूला ठेवत जा. दहा खेपांत लाल दाणा हाती येणारच, कारण पिशवी रिकामी होत जाते.

आता रीत बदला. दाणा काढा, रंग पाहा, परत पिशवीत टाका, पिशवी हलवा आणि पुन्हा काढा. असे दहा वेळा करा. या खेपेस लाल दाणा निघेलच असे नाही. शंभर घरांनी हा प्रयोग केला, तर साधारण 35 घरांना दहा खेपांत तो दिसणारही नाही.

मोबाईलमधील पेटी बहुधा या दुसऱ्या रीतीने चालते. नव्वद पेट्या वाया गेल्या तरी 91व्या पेटीची शक्यता शेकडा 1च राहते. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तर सुमारे 37 मुलांच्या हाती काहीच लागणार नाही. दहांपैकी नऊ मुलांना ती वस्तू मिळायची, तर प्रत्येकाने सुमारे 230 पेट्या उघडायला हव्यात. पेटी 20 रुपयांची धरली तर हे 4,600 रुपये झाले. एवढे घालूनही दहावा मुलगा कोरडाच राहतो!

फाशाला आठवण नसते

ही चूक फक्त मुलेच करतात असे नाही. मोनॅको देशातील माँटे कार्लो येथील जुगारगृहात 1913 साली एका रात्री फिरत्या चाकावर लागोपाठ 26 वेळा काळा रंग आला. “आता तरी लाल येणारच” म्हणून लोक लालवर पैसे लावीत राहिले आणि बुडाले. मागे काय आले हे चाकाला ठाऊक नसते. तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार, असे म्हणणारे घरही याच भ्रमात असते. प्रत्येक खेपेला शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मीच.

काही खेळांत मात्र वेगळा नियम असतो. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या 2020 साली आलेल्या खेळात सर्वांत दुर्मिळ पात्र मिळण्याची शक्यता शेकडा 0.6 ठेवली आहे. पण 89 खेपा वाया गेल्या तर 90व्या खेपेस तशा दर्जाची वस्तू नक्की मिळते. म्हणून नियम नीट वाचावा. असा लेखी शब्द नसेल, तर नशिबाकडे आपली काही बाकी राहिली आहे असे समजू नये.

घरच्यांनी काय करावे?

मुलावर ओरडून उपयोग नाही. त्याला जवळ बसवून दाण्यांचा प्रयोग त्याच्याच हातून करवून घ्या आणि प्रत्येक खेप वहीत लिहायला सांगा. खेळावर महिन्याला किती पैसे घालायचे, की मुळीच घालायचे नाहीत, हे आधी ठरवा. घातलेला पैसा खर्ची पडला असेच धरा. “एवढे गेले, आता थोडक्यासाठी कशाला सोडायचे?” हा विचार मनात आला की त्याच क्षणी मोबाईल खाली ठेवावा.