प्रार्थनेतून उठून जाणारे मन

प्रार्थनेला बसावे, डोळे मिटावे, आणि पहिली दोन वाक्ये होतात न होतात तोच मन उठून चालू लागावे, हा अनुभव कोणाला नाही? गॅस बंद केला की नाही, मुलीची फी भरायची शेवटची तारीख कोणती, शेजारच्या बाई काल तसे का बोलल्या, असे एकामागून एक विचार येत राहतात आणि प्रार्थना नुसती ओठांवर उरते. रविवारच्या उपासनेत प्रवचन चालू असते आणि ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडे जातो. ख्रिस्ती घरांतली पुष्कळ भाविक माणसे ह्या गोष्टीने मनातून खट्टू असतात. काहींना तर असे वाटू लागते की, ज्या अर्थी मन टिकत नाही त्या अर्थी आपली श्रद्धाच खरी नसावी. मग उगाच सोंग कशाला आणायचे, म्हणून ती प्रार्थनाच सोडून देतात. असा विचार करतात ती बहुधा प्रामाणिक माणसे असतात, हे त्यातले दुःख. ढोंगी माणसाला ही अडचण कधी पडत नाही! म्हणून ह्या तक्रारीचा थोडा जुना इतिहास आज आपल्यापुढे ठेवावा म्हणतो.

आपण ह्या गोष्टीचे खापर लगेच काळावर फोडतो. पूर्वी सिनेमावर फोडत, मग टीव्हीवर फोडू लागलो, आता मोबाईलवर फोडतो. परंतु उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन काय सांगतो ते पाहा. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या 'कन्फेशन्स' ह्या आत्मनिवेदनात तो म्हणतो की, कुत्रा सशाच्या मागे लागल्याचा खेळ पाहायला मी आता मुद्दाम जात नाही. पण शेताकडेने जाताना तोच देखावा दिसला, तर घोडा वळला नाही तरी माझे मन तिकडे वळते. घरात बसलो असताना पाल माश्या पकडते, कोळी आपल्या जाळ्यात किडा गुरफटवतो, आणि मी पाहत बसतो. त्यातून पुढे सृष्टिकर्त्याची स्तुती सुचते हे खरे. पण लक्ष गेले ते काही स्तुतीसाठी गेले नव्हते, हेही तो कबूल करतो. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पश्चिमेकडील इमारतीचा जो मोठा खांब, त्याची प्रार्थना भिंतीवरची पाल मोडत असे! तेव्हा आपण फार लाजायचे कारण नाही.

मुळात शुभवर्तमानातच ह्याचे निदान आहे. पेरणाऱ्याचा दाखला आपल्याला ठाऊक असेल. मत्तय, मार्क आणि लूक ह्या तिघांनीही तो दिला आहे. काही बी वाटेवर पडते, काही खडकावर, काही काटेरी झुडपांत, आणि काही चांगल्या जमिनीत. काट्यांचा अर्थ येशूने स्वतःच उलगडून सांगितला आहे. संसाराची काळजी आणि द्रव्याचा मोह ही वचनाची वाढ खुंटवतात. आपल्याकडच्या प्रवचनांत द्रव्याच्या मोहावर तासभर बोलतात आणि काळजीवरून मात्र दोन वाक्यांत पुढे सरकतात, हे मला नेहमी खटकत आले आहे. ज्याच्याकडे द्रव्यच नाही त्यालाही काळजी असते, किंबहुना त्यालाच अधिक असते, आणि दाखल्यात ती आधी सांगितली आहे. आणखी एक गोष्ट पाहा. काट्यांतले बी उगवते. जमीन वांझ नसते. तिच्यात दुसरेही काही वाढत असते, इतकेच.

आता कोणी म्हणेल, मग हे जगच सोडून जावे. असे सोडून गेलेली माणसे होऊन गेली आणि त्यांचे काय झाले ते आपल्याला बरेच तपशिलाने माहीत आहे. इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती उपासनेला मोकळीक मिळाली. कालपर्यंत ज्या धर्मासाठी जीव द्यावा लागे, तो धर्म आता प्रतिष्ठेचा झाला, सोयीचा झाला. अँथनीसारखे काही जण त्याआधीच इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिले होते. आता त्यांच्या मागे लोकांची रीघ लागली. नाईलच्या मुखाजवळ, पश्चिमेकडच्या वाळवंटात नित्रिया, केल्लिया, स्केतिस अशी संन्याशांची वसतिस्थाने उभी राहिली. तिथे बाजार नाही, नाटकगृह नाही, बायकामुले नाहीत, सरकारदरबार नाही. एक खोली, एक चटई, पाण्याचे मडके.

ह्या मंडळींत इव्हाग्रियस नावाचा एक विद्वान होता. काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतात त्याचा जन्म झाला. पुढे कॉन्स्टँटिनोपल ह्या राजधानीत तो चर्चच्या सेवेत चांगला नावारूपाला आला. तिथे एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात सापडल्यावर तो जेरुसलेमला निघून गेला, आणि तेथून इजिप्तला. इ. स. ३९९ मध्ये मरण येईपर्यंत सुमारे सोळा वर्षे तो वाळवंटात राहिला. माणसाच्या मनात येणाऱ्या आठ प्रकारच्या घातक विचारांची यादी त्याने केली. पश्चिमेत पुढे जी सात महापापांची यादी प्रसिद्ध झाली, तिचे मूळ ह्या यादीत आहे. त्यांतल्या एका विचाराला त्याने 'अकेदिया' असे ग्रीक नाव दिले आहे. आळस म्हटले तर ते अपुरे पडते. आपला 'उबग' हा शब्द त्याच्या जवळ जातो. स्तोत्रसंहितेतल्या एका उल्लेखावरून त्याला भर दुपारचा सैतान असेही म्हणत.

त्याचे वर्णन वाचताना हसूही येते आणि आपण पकडले गेलो असेही वाटते. सकाळी दहाच्या सुमारास हा विचार संन्याशाला गाठतो आणि दुपारी दोनपर्यंत सोडत नाही. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा आहे असे वाटू लागते. संन्यासी खिडकीकडे पाहतो. खोलीबाहेर येऊन जेवणाची वेळ, म्हणजे तिसरा प्रहर, किती लांब आहे ते सूर्याकडे पाहून ताडतो. कोणी भाऊबंद येतो आहे का म्हणून इकडे तिकडे पाहतो. मग जागेचा तिटकारा येतो, हातातल्या कामाचा येतो. इथे कोणाला कोणाविषयी प्रेम उरलेले नाही असे वाटते. दुसरीकडे गेलो असतो तर पोट सहज भरले असते. आणि देवाची भक्ती काय, कुठेही करता येते! घरची माणसे आठवतात, आणि पुढे केवढे आयुष्य असेच काढायचे आहे ते डोळ्यांपुढे उभे राहते. ऑफिसातल्या दुपारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर आपल्या मनात जे येते ते ह्याहून फारसे वेगळे नसते. मोबाईलकडे जाणारा हात हा त्या खिडकीकडे जाणाऱ्या डोळ्यांचा वंशज होय.

त्याच सुमारास जॉन कासियान नावाचा एक तरुण आपला मित्र जर्मेनस ह्याला बरोबर घेऊन इजिप्तमध्ये हिंडला. पुढे फ्रान्सच्या दक्षिणेस मार्सेय येथे मठ स्थापून राहिल्यावर, वाळवंटातल्या 'आब्बां'शी झालेली संभाषणे त्याने लिहून काढली. आब्बा म्हणजे बाप. वडीलधाऱ्या संन्याशांना तसे म्हणत. कासियान फार बारकाईने पाहणारा आहे. तो सांगतो की, जमीनजुमला, सोनेनाणे सोडून आलेली माणसे इथे येऊन एका चाकूवरून, सुईवरून, बोरूवरून संतापतात. कोणी आपली पोथी अशी घट्ट धरतो की दुसऱ्याला हात लावू देत नाही. लाखाची आसक्ती सुटली आणि दिडकीची चिकटली! आणखी एक गंमत तो सांगतो. उबग आलेल्या संन्याशाला एकदम परोपकार आठवतो. अमका आजारी आहे, त्याला भेटून यावे. तमक्या धर्मशील बाईला कोणी नातेवाईक नाही, तिची विचारपूस करावी. एरवी हे सगळे चांगलेच. पण ऐन प्रार्थनेच्या वेळीच ते कसे सुचते?

तर मग कर्तव्य कोणते आणि विक्षेप कोणता, हे ओळखायचे कसे? ह्याला आब्बा मोशे याने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. तो म्हणतो, शेतकऱ्याला पीक हवे असते, पण रोज त्याची नजर असते ती शेत तणापासून साफ ठेवण्यावर. तसे देवाचे राज्य हे आपले अंतिम साध्य खरे; पण रोजचा नेम धरायचा तो निर्मळ अंतःकरणावर. उपवास, जागरण, शास्त्रवाचन ही अवजारे आहेत. आता समजा, कोणी भाऊ कामासाठी आला आणि आपले ठरलेले वाचन राहिले. त्यामुळे आपण चिडलो तर? त्या वाचनाने जे मिळाले असते त्याहून त्या रागाने अधिक गमावले. ही कसोटी घरात लावून पाहा. सकाळी बायबल वाचायला बसलेल्या आजोबांना नातवाने हाक मारली. नातू हा विक्षेप नव्हे. आजोबा ओरडले तर ती ओरड हा विक्षेप.

पण मन मुळात भटकतेच का, असे जर्मेनसने विचारले. त्यावर मोशेने पाणचक्कीचा दृष्टान्त दिला. पाण्याच्या ओघाने जाते फिरतच राहणार, ते थांबवणे कोणाच्या हातात नाही. आत गहू टाकायचा, जव टाकायचे की निदण, एवढे मात्र चक्कीवाल्याच्या हातात आहे. जात्याशी ओव्या म्हणणाऱ्या मुलखात हा दृष्टान्त जास्त फोड करून सांगायला नको. दिवसभर मुठीमुठीने जे टाकले तेच पीठ होऊन प्रार्थनेच्या वेळी बाहेर येणार. रात्री बारापर्यंत भांडणाच्या चित्रफिती पाहून सकाळी मन शांत का नाही म्हणून विचारणे, हा जात्यावर अन्याय आहे.

आणि भटकलेले मन परत कसे आणायचे? त्याची युक्ती आब्बा आयझॅक याने सांगितली आहे, आणि ती अगदी साधी आहे. सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभी देवाला मदतीला धावून येण्याची विनवणी आहे. ते एकच वचन घ्यावे आणि दिवसभर जवळ ठेवावे. भूक लागली, झोप आली, राग आला, गर्व झाला, काम चालले आहे, प्रवास चालला आहे, सगळीकडे तेच. मन दूर गेले की तेवढ्या दोरीने ते माघारी ओढावे. मराठी वाचकाला इथे नामस्मरण आठवल्यावाचून राहणार नाही. दोहोंमागचे तत्त्वज्ञान वेगळे आहे आणि ती एकच म्हणून टाकण्याची घाई आपण करू नये. तथापि, चंचल मनाला लांब व्याख्यान पेलत नाही, त्याला लहानसे वचन लागते, हे दोन्हीकडच्या अनुभवी माणसांना कळले होते. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचा आणि भजनाचा वेष दिला, त्याचा एक फायदा हाच झाला. आपल्या बोलीतले, सहज गुणगुणता येईल असे काही मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती आले.

वचनाच्या जोडीला हातांना काम हवे, असे ह्या मंडळींचे ठाम मत. खजुरीची पाने विणून ते टोपल्या, दोर, चटया करीत आणि विकून गुजराण करीत. आब्बा पौल म्हणून एक जण बाजारापासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. माल न्यावा तर भाडे किमतीपेक्षा जास्त. तरीही तो रोज नेमाने विणत असे, आणि वर्षाअखेर गुहा भरली की सगळे जाळून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. अर्थशास्त्राच्या माझ्या सहकाऱ्यांना ही गोष्ट मुळीच पटत नाही.

वाळवंट सगळ्यांना कुठले मिळायला! म्हणून सतराव्या शतकातल्या पॅरिसचा एक स्वयंपाकी सांगतो. ब्रदर लॉरेन्स हा आधी शिपाई होता, लढाईत जखमी होऊन लंगडा झाला, आणि मग कार्मेलाइट मठात सेवक-बंधू म्हणून राहिला. स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड. आणि नेमके तेच काम वाट्याला येऊन पंधरा वर्षे राहिले. मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करायला त्याला बर्गंडीला पाठवीत. व्यवहाराची अक्कल नाही, पाय धड नाही. बोटीवर पिंपांवरून गडगडत तो इकडून तिकडे जाई. पण पदार्थ परतताना काय किंवा सौदा करताना काय, देवाशी मनातल्या मनात बोलणे त्याने चालू ठेवले. मन भटकल्यावर त्याच्याशी झगडत बसू नये, चुकले एवढे म्हणून हळूच परत यावे, असा त्याचा सल्ला. तो १६९१ साली वारला. त्याची पत्रे आणि संभाषणे मागाहून छापली गेली. लूकच्या शुभवर्तमानातल्या मार्थेची गोष्ट वाचताना मला हा स्वयंपाकी आठवतो. मार्थेला बोल लागला तो पुष्कळ गोष्टींनी तिचा जीव कासावीस झाला म्हणून. स्वयंपाकाला तिथे नावे ठेवलेली नाहीत.

आता आपल्या दिवसाकडे येऊ. वसईतल्या आणि गोव्यातल्या चर्चमधून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रार्थनेची घंटा वाजवण्याची जुनी चाल आहे. त्यांतल्या दुपारच्या घंटेला १४५६ साली पोप कॅलिक्स्टस तिसरे ह्यांनी दिलेल्या आज्ञेचा आधार आहे. बेलग्रेडवर तुर्कांची स्वारी आली होती आणि लोकांनी दुपारी प्रार्थना करावी असे त्यांनी फर्माविले होते. कारण राजकीय होते. पण वेळ पाहा, इव्हाग्रियसने उबगाची म्हणून सांगितली तीच! ज्यांच्या कानावर ती घंटा येत नाही, त्यांनी ज्या मोबाईलवर आपण इतके रागावतो त्यालाच दुपारी बाराचा गजर लावायला हरकत नाही. हातातले काम दोन मिनिटे खाली ठेवावे, आपले ठरलेले एक वचन म्हणावे, आणि काम पुन्हा उचलावे. त्या दोन मिनिटांतही मन एकदा बाहेर जाऊन येईल. येऊ द्यावे.