शिकण्याची साधने आणि शिकण्याची विद्या

मुलाने अथवा मुलीने बारावी ओलांडली की घरोघरी विषयांची चर्चा सुरू होते. पूर्वी हा प्रश्न कला, वाणिज्य की विज्ञान एवढ्यावरच मिटत असे. आता महाविद्यालयाचा अर्ज आणखी एक गोष्ट विचारतो : मुख्य विषयाच्या जोडीला ‘मायनर’ कोणता घेणार? त्या यादीत कोठे कोठे ‘लर्निंग टेक्नॉलॉजी’ किंवा ‘शैक्षणिक तंत्रज्ञान’ असे नाव आढळते. ते वाचून कोणी म्हणतात, हा संगणकाचा विषय, तेव्हा नोकरी ठेवलेलीच. कोणी म्हणतात, ही तर मास्तरकी. तिला वेगळे नाव कशाला? आमच्या मते हे दोन्ही समज अपुरे आहेत. ज्या घरातून पहिलेच मूल महाविद्यालयाची पायरी चढत आहे त्या घराला तर अशी अपुरी समजूत परवडण्यासारखी नसते. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

विद्यानगरातील एक उदाहरण

हुबळीहून धारवाडकडे जाणाऱ्या जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर विद्यानगर हा भाग लागतो. नावाप्रमाणेच तो महाविद्यालयांचा भाग आहे. बेळगावात १९१६ साली स्थापन झालेल्या के. एल. ई. संस्थेने १९४७ साली येथे ब. वी. भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. त्या काळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. त्याच महाविद्यालयाचे २०१५ साली के. एल. ई. तंत्रज्ञान विद्यापीठ झाले.

या विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण कसे द्यावे याच्याच संशोधनासाठी एक स्वतंत्र केंद्र आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी केवळ फळ्यावरचे उतरवून न घेता एखादी खरी अडचण निवडावी, गटाने तिच्यावर उपाय शोधावा आणि तो हातांनी करून पाहावा, असा अभ्यासक्रम तेथे आखला गेला. तेथील अध्यापक आपल्या शिकविण्याचा परिणाम तपासतात आणि निष्कर्ष लिहून प्रसिद्ध करतात. यंत्र कसे चालते याचा अभ्यास अभियंता करतोच. माणूस कसा शिकतो याचाही तसाच पद्धतशीर अभ्यास होऊ शकतो, हा विचार या कामाच्या मुळाशी आहे. अध्ययन-तंत्रज्ञान या विषयाचा पायाही हाच विचार होय.

हा विचार नवा नाही

संगणक येण्यापूर्वीच आपल्या भागात याचे मोठे प्रयोग झाले आहेत. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० च्या जानेवारीत सुरू झाले. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ‘शेतकरी श्रोतृमंडळा’चा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांतून मंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात चांगली भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते तेथे ती फारच थोडी पडली. रेडिओ दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्याने.

पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत ‘साइट’ या नावाचा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच ठेवण्यात आले. त्यांत कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे होते. उपग्रह अमेरिकेचा होता आणि एका वर्षापुरताच मिळालेला होता. वर्ष संपले, उपग्रह दुसरीकडे वळविण्यात आला आणि त्याच्या आधारे चाललेले प्रक्षेपण थांबले. साधन उसने असले तर शिक्षणही उसनेच राहते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

या विषयात काय शिकवितात?

सर्वसाधारणपणे या विषयाचे चार भाग पडतात. पहिला भाग शिकण्याच्या शास्त्राचा. मनुष्याच्या मनाला एका वेळी थोडेच ओझे पेलते. त्याहून अधिक लादले तर काहीच पदरात पडत नाही. चित्र एका बाजूस आणि त्याचे स्पष्टीकरण भलत्याच पानावर असे केले तर मूल शोधण्यातच थकते. अशा गोष्टी प्रयोगांनी सिद्ध झालेल्या आहेत आणि त्या येथे शिकवितात.

दुसरा भाग धड्याच्या आखणीचा. आधी विद्यार्थ्याला काय येते ते पाहावयाचे, मग काय यावयास हवे ते ठरवावयाचे, त्यानुसार धडा रचावयाचा, तो शिकवावयाचा आणि शेवटी परिणाम तपासावयाचा. घर बांधताना गवंडी आधी पाया पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

तिसरा भाग साधनांचा. ध्वनिमुद्रण, चित्रफीत, संगणकावरील प्रश्नसंच आणि ‘मूडल’सारखी वर्गव्यवस्थेची मोफत प्रणाली यांची हाताळणी यात येते. अंध किंवा कर्णबधिर मुलालाही तोच धडा कसा मिळेल, याचा विचारही यातच येतो.

चौथा भाग परीक्षणाचा, आणि आम्हांस तो सर्वांत मोलाचा वाटतो. एखादे साधन खरोखर उपयोगी पडले की नुसते दिपवून गेले, हे कसे ओळखावे? पेरू देशात सरकारने शाळकरी मुलांना लहान संगणक वाटले. २०१२ साली त्याचा अहवाल आला. मुलांच्या हाती संगणक आले होते, परंतु गणित व भाषा यांत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. याउलट दिल्लीत २०१५ साली शाळेबाहेरच्या केंद्रांत जो प्रयोग झाला, त्यात संगणकाने प्रत्येक मुलाची खरी इयत्ता ओळखून तेथून प्रश्न दिले. साडेचार महिन्यांत त्या मुलांनी गणितात व हिंदीत इतरांहून स्पष्ट आघाडी घेतली. एकीकडे यंत्र वाटले होते, दुसरीकडे यंत्रामागे शिकविण्याचा विचार होता. बैलगाडी नवी आणली म्हणून धान्याचा कस वाढत नाही. गाडीत काय भरले आहे ते पाहावे लागते.

एका शाळेची गोष्ट

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक नेमले गेले, तेव्हा तेथील अनेक मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत होती. डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले. मग त्यांनी पुस्तके मुलींना समजतील अशी नव्याने तयार केली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. मोबाइल त्या कोडासमोर धरला की कविता ऐकू येई, धड्याची चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना दिला. वाचकांनी येथे क्रम पाहावा. आधी मुलांची भाषा, मग पुस्तक, आणि सर्वांत शेवटी तंत्र.

प्रवेशापूर्वीचे व्यवहार

आता खर्चाचे व वेळेचे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक धरले असून त्यांपैकी किमान २४ मायनरचे आहेत. चार वर्षांच्या पदवीत १६० पैकी ३२ आहेत. एक श्रेयांक म्हणजे साधारणतः पंधरा तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिकास त्याच्या दुप्पट वेळ. अभियांत्रिकीत मायनरसाठी १८ ते २० श्रेयांक नेहमीच्या अभ्यासाहून जादा करावे लागतात. कर्नाटक सरकारने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीची व्यवस्था लावली. तेव्हा सीमाभागातील पालकांनी दोन्ही राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत हे ध्यानात ठेवावे. ज्यांना पुढे याच विषयात जावयाचे असेल त्यांच्यासाठी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, आणि पवईच्या आयआयटीत २०१० पासून या विषयाचे संशोधन चालू आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा मायनर घेतल्याने शाळेत शिक्षक होण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी बी.एड. किंवा डी.एल.एड. आणि पात्रता-परीक्षा यांना पर्याय नाही. परंतु ज्याला पुढे शिक्षक व्हावयाचे आहे, परिचारिकांना वा कारखान्यातील कामगारांना प्रशिक्षण द्यावयाचे आहे, किंवा पाठ्यसाहित्य रचावयाचे आहे, त्याला ही जोड निश्चित उपकारक ठरेल. मुख्य विषय मात्र पक्का हवा. ज्याला गणितच येत नाही तो गणिताचा धडा उत्तम आखील, हे संभवत नाही.

महाविद्यालयात चार प्रश्न अवश्य विचारावेत. हा विषय शिकविणारे अध्यापक कोण? विद्यार्थ्यांना खऱ्या शाळेत जाऊन काम करावयास मिळते काय? शेवटी हाती कोणते तयार काम उरते? आणि शुल्क जादा आहे काय? उत्तरे गुळमुळीत मिळाली तर दुसरा विषय पाहावा.

घरासाठीही उपयोग

मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या, तेव्हा एकाच मोबाइलवर तीन भावंडांचे वर्ग कसे चालले हे खेड्यातील घरांना सांगावयास नको. त्याच काळात शिकवणीच्या नावाखाली पुष्कळ वस्तू घरोघरी विकल्या गेल्या. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांना सावध केले : फुकट म्हणून दिलेल्या सेवेच्या अटी वाचा, बँक खात्यातून आपोआप पैसे कापण्यास संमती देऊ नका. २०२३ च्या कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. दारात येणारा विक्रेता गोड बोलतो. ‘यामुळे मूल शिकले हे कशावरून?’ असे त्याला विचारणारे एक माणूस घरात असले, तर घराचे पैसेही वाचतील आणि मुलाची वर्षेही.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच की, या विषयाच्या नावाला भुलू नये आणि बिचकूही नये. आपल्या मुलाला दुसऱ्याला समजावून सांगण्याची आवड आहे काय, धाकट्या भावंडाला शिकविताना तो चिडतो की नवी युक्ति शोधतो, हे आईवडिलांइतके कोणास ठाऊक असणार? ती आवड असेल तर त्याला हा विषय जरूर घेऊ द्यावा. यंत्रे दर पाच वर्षांनी बदलतील. समोरच्या माणसाला काय कळले नाही हे ओळखण्याची दृष्टि जन्मभर कामास येईल.