गाय २१ दिवसांनीच का उलटते? गर्भाशयाचा ‘मेसेज’ समजून घ्या

घनसावंगीकडं आखाड्यावर गाय भरवली की घरचे सांगतात, “२१ दिवस लक्ष ठेव, उलटते का बघ.” पण हे दिवस मोजतं कोण? उत्तर आहे, गर्भाशय!

माजानंतर स्त्रीबीज सुटतं आणि त्या जागी बीजांडकोशावर पीतपिंड तयार होतं. त्यातून प्रोजेस्टेरॉन हार्मोन येतं. ते चालू असेपर्यंत पुढचा माज येत नाही.

साधारण १६-१७ व्या दिवसापर्यंत गर्भाचा सिग्नल मिळाला नाही, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन एफ-२ अल्फा हे रसायन सोडतं. ते गर्भाशयाच्या शिरेतून तिला चिकटून असलेल्या बीजांडकोशाच्या धमनीत झिरपतं. पीतपिंड विरतं, गाय उलटते. गर्भ असेल तर तो इंटरफेरॉन टाऊ सोडून हा मेसेजच थांबवतो.

१९२३ मध्ये लिओ लोएब यांनी गिनीपिगचं गर्भाशय काढलं, तर पीतपिंड टिकूनच राहिलं. माणसात मात्र असं होत नाही. गर्भाशय काढलं तरी बीजांडकोशाचं चक्र चालूच राहतं.

माजासाठी डॉक्टर देतात ते ‘पीजी’ इंजेक्शन म्हणजे हेच रसायन किंवा त्याची नक्कल. जनावर गाभण असेल तर गर्भपात होऊ शकतो, म्हणून आधी तपासणी करून घ्या. हे औषध कातडीतूनही अंगात जातं. गरोदर बायका आणि दमा असलेल्यांनी त्याला हात लावू नये.

आता एक काम करा: गाय भरवल्याची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि १८ व्या दिवसापासून रिमाइंडर लावा.