संसदेतील परराष्ट्रचर्चा : ताश्कंद ते बिश्केक

हर्णे बंदराच्या पुळणीवर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. तेथून समोर दृष्टी टाकली की समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्गाचा तट दिसतो. १७५५ च्या एप्रिल महिन्यात कमोडोर विल्यम जेम्स ह्याने इंग्रजी गलबते आणून ह्याच तटावर तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्रे ह्यांच्या हातून किल्ला काढून घेतला. इंग्रजांस ह्या पाण्यात आणणारा करार पुण्याच्या पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी केलेला होता. त्या कराराच्या बरेवाईटपणाचा निवाडा इतिहासकारांनी करावा. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. हर्ण्यातील दर्यावर्दी माणसास त्या कराराची वार्ता तोफांच्या आवाजानेच कळली. करार करण्यापूर्वी त्याविषयी कोणी जाहीर प्रश्न विचारला नाही, कारण असा प्रश्न विचारावयाची जागाच त्या काळी अस्तित्वात नव्हती.

आज ती जागा आहे. दिल्लीस लोकसभा आहे, राज्यसभा आहे. परंतु परक्या देशाशी आपल्या देशाचे संबंध कसे असावेत ह्याचा निर्णय तेथे नेमका कितपत होतो, ह्याविषयी सुशिक्षित घरांतूनही बरेच गैरसमज आढळतात. पाकिस्तान अथवा चीन हे विषय निघाले म्हणजे सभागृह भरून जाते आणि आवेशही पुष्कळ दिसतो. त्यावरून पद्धतीची पारख होत नाही. पारख करावयाची तर दूरचा, ज्याच्याविषयी मते मिळण्याचा संभव थोडा, असा प्रदेश घ्यावा. मध्य आशियातील पाच प्रजासत्ताके, म्हणजे कझाकस्तान, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान, ही अशा परीक्षेस उत्तम होत. त्यांपैकी एकासही महासागराचा किनारा नाही. उझबेकिस्तानची स्थिती तर अशी की, समुद्र गाठावयाचा तर निदान दोन देश ओलांडावे लागतात. कोकणच्या माणसास हे ऐकूनच गुदमरल्यासारखे होईल.

प्रथम घटनेचे काय म्हणणे आहे ते पाहू. सातव्या परिशिष्टातील केंद्राच्या यादीत परराष्ट्रव्यवहार दहाव्या क्रमांकावर आणि परदेशांशी करारमदार करणे चौदाव्या क्रमांकावर आहे. २५३ व्या अनुच्छेदान्वये कराराच्या अंमलबजावणीसाठी लागेल तो कायदा करण्याचा अधिकार संसदेस आहे. मात्र करार करण्यापूर्वी किंवा केल्यानंतर संसदेची संमती घेतलीच पाहिजे असे घटनेत कोठेही लिहिलेले नाही. अमेरिकेत तसे नाही. तेथे सीनेटच्या दोनतृतीयांश उपस्थित सभासदांची मान्यता तहास लागते, आणि पहिल्या महायुद्धानंतर अध्यक्ष विल्सन ह्यांनी स्वतः घडविलेला व्हर्सायचा तह त्यांच्याच देशाच्या सीनेटने नाकारला, हे प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मंत्रिमंडळ करार करते, सही करते आणि मग संसदेस कळविते. एक मर्यादा मात्र आहे. बेरुबारीच्या प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की, देशाचा मुलूख दुसऱ्या राष्ट्राच्या स्वाधीन करावयाचा असेल तर घटनादुरुस्तीच करावी लागेल. ही स्थिती बदलावी अशा हेतूची खासगी विधेयके मागाहून संसदेत आली. त्यांपैकी एकही संमत झाले नाही.

ह्या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती ताश्कंदच्या वेळी. ताश्कंद हे आज उझबेकिस्तानच्या राजधानीचे शहर. १९६६ साली तो सगळा प्रदेश सोव्हिएट संघात होता. सोव्हिएट पंतप्रधान कोसिजिन ह्यांच्या मध्यस्थीने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूबखान ह्यांच्या वाटाघाटी ४ जानेवारीस तेथे सुरू झाल्या. शास्त्रींबरोबर परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग होते आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १० जानेवारीस जाहीरनाम्यावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, शास्त्रींचे ताश्कंद येथेच देहावसान झाले. देश शोकात बुडाला. त्या शोकात जाहीरनाम्यातील एक कलम पुष्कळांनी प्रथम नीट वाचलेच नाही. ते असे की, उभय देशांनी आपापले सैन्य ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी न्यावे आणि हे काम २५ फेब्रुवारी १९६६ पर्यंत पुरे करावे.

ह्याचा अर्थ, ऑगस्टच्या अखेरीस मोठ्या पराक्रमाने घेतलेली हाजी पीरची खिंड सोडून द्यावयाची. केंद्रीय मंत्रिमंडळातील एक मंत्री महावीर त्यागी ह्यांनी ह्याच कारणासाठी राजीनामा दिला. विरोधकांचा प्रश्न सरळ होता. काश्मीर जर आपले, तर ती खिंडही आपलीच. मग ती कोणास आणि कोणत्या अधिकाराने परत द्यावयाची? सरकारची भूमिका अशी की, येथे मुलूख देण्याचा प्रश्न नसून सैन्य मागे घेण्याचा आहे. दोन्ही बाजूंनी विचार करण्याजोगे मुद्दे होते, आणि त्यांवर संसदेत चर्चाही झाली. परंतु तारखांकडे लक्ष द्यावे. सह्या झाल्या १० जानेवारीस. संसदेचे अधिवेशन भरले फेब्रुवारीच्या मध्यास. आणि सैन्य माघारी नेण्याची मुदत संपावयाची होती २५ फेब्रुवारीस. सभासद बोलावयास उभे राहिले तेव्हा माघारीचे काम कधीच सुरू झालेले होते. ह्यात कोणी कपट केले असे नव्हे. आपल्या पद्धतीत सभागृहाचा क्रम करारानंतर येतो, इतकेच.

यशवंतराव ताश्कंदास गेले ते संरक्षणमंत्री म्हणून. पुढे १९७४ ते १९७७ ह्या काळात परराष्ट्रखाते त्यांच्याकडे आले आणि परदेशांविषयीच्या प्रश्नांस सभागृहात उत्तरे देण्याचे काम त्यांच्या वाट्यास आले. कराराच्या मेजावर बसणे आणि त्या कराराबद्दल सभागृहात जाब देणे, हे दोन्ही अनुभव ज्या थोड्या मराठी माणसांच्या वाट्यास आले त्यांत त्यांची गणना करावी लागेल.

निर्णय आधीच झालेला असेल तर सभागृहाच्या हाती काय उरते? उरतो प्रश्न. दिसावयास ही गोष्ट क्षुल्लक आहे, पण मंत्र्यांस सर्वांत अधिक जपावे लागते ते तिलाच. सभासदास प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न दोन प्रकारचे. ज्यावर तारा छापतात त्याचे उत्तर मंत्री उभा राहून तोंडी देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. ज्यावर तारा नसतो त्याचे उत्तर लेखी येऊन सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. लोकसभेत एका दिवशी तारांकित प्रश्न वीसच घेतात, अतारांकित २३० पर्यंत. सूचना ह्याहून पुष्कळ अधिक येत असल्यामुळे कोणाचा प्रश्न लागावयाचा हे सोडतीने ठरते. आणि तारांकित प्रश्न वीस लागले तरी तासाभरात तोंडी उत्तरे होतात ती मोजक्यांचीच. बाकीच्यांची उत्तरे लेखीच मिळतात. परराष्ट्रखात्याची पाळी अधिवेशनात आठवड्यातून एकदा येते. तीत किर्गिझस्तानचा क्रमांक वर लागणे हा बराचसा दैवयोग म्हणावा लागेल.

नियमांत एक मजेची अट आहे. मित्रराष्ट्राचा उल्लेख प्रश्नात असभ्यपणे करता येत नाही. म्हणजे संताप कितीही आलेला असो, तो व्याकरणशुद्ध आणि सौजन्यपूर्ण वाक्यात मांडावयाचा. शाळेतील निबंधलेखनाचा ज्यांना कंटाळा येत असे अशा काही सभासदांस ही अट जड जात असावी.

प्रश्न कसा विचारावा ह्यावर त्याचे फळ अवलंबून असते. ‘कझाकस्तानशी आपले संबंध कसे आहेत?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले, की संबंध प्राचीन असून मैत्रीचे आहेत. असल्या उत्तराने कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही. परंतु कझाकस्तान हा युरेनियम काढणारा जगातील सर्वांत मोठा देश आहे. २०१५ साली त्याच्याशी पाच वर्षांत ५,००० टन युरेनियम घेण्याचा करार झाला. त्यापैकी किती टन प्रत्यक्ष आले, ते कोणत्या अणुभट्ट्यांस दिले, पुढील पुरवठ्याची तजवीज काय, असे विचारले म्हणजे मंत्र्यास आकडा द्यावा लागतो, नाही तर तो का देता येत नाही हे तरी सांगावे लागते. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान व पाकिस्तान ह्या मार्गाने भारतात वायू आणण्याच्या नळाचा आंतरसरकारी करार २०१० च्या डिसेंबरात झाला आणि २०१५ साली त्या कामाचा प्रारंभोत्सवही झाला. पण नळ भारताच्या सीमेस अद्यापि लागलेला नाही. इराणातील चाबहार बंदराची कथाही अशीच आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबत तेथवर न्यावे आणि पुढे खुष्कीने मध्य आशियात माल पोचवावा ही कल्पना उत्तम. २०१७ च्या ऑक्टोबरात कांडल्याहून अफगाणिस्तानकडे गव्हाचे पहिले जहाज त्या वाटेने गेलेही. मात्र त्या वाटेचा भरवसा किती, हे अधिवेशनागणिक विचारीत राहावे लागते.

खोल चौकशीसाठी दुसरी एक सोय आहे, ती म्हणजे स्थायी समिती. १९९३ पासून खात्याखात्यांसाठी अशा समित्या नेमण्यात येतात. परराष्ट्रव्यवहाराच्या समितीत ३१ सभासद असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठक बंद दाराआड भरते. परराष्ट्रखात्याच्या सचिवांस तेथे बोलावितात, दूतावासांत माणसे किती व पैसा किती हे विचारतात आणि अहवाल छापून प्रसिद्ध करतात. वर्तमानपत्री बातमीदार तेथे नसल्याने सभासद पक्ष विसरून बोलतात, असे पुष्कळदा म्हणतात. ते खरे असावे. अहवालातील शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. परंतु त्यांवर काय केले हे सरकारला कळवावे लागते. ह्या समितीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. अंदाजपत्रकाच्या वेळी कित्येक खात्यांच्या मागण्यांवर सभागृहात चर्चाच होत नाही. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकून मंजूर करतात. ह्या प्रकारास फ्रेंच राज्यक्रांतीतील यंत्रावरून ‘गिलोटिन’ म्हणतात.

आता हे सर्व एखाद्या घरास कसे भिडते ते पाहावे. समजा, हर्ण्यातील एका घरची मुलगी वैद्यकाच्या अभ्यासासाठी किर्गिझस्तानच्या राजधानीस, बिश्केकला गेली आहे. ही कल्पना ओढूनताणून आणलेली नाही. येथील खासगी वैद्यक महाविद्यालयांचे शुल्क न पेलणारी हजारो भारतीय मुले मध्य आशियात शिकत आहेत आणि त्यांत महाराष्ट्रातील मुलेही आहेत. २०२४ च्या मे महिन्यात, १७ तारखेच्या रात्री, बिश्केकमध्ये जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर चालून गेला. भारतीय दूतावासाने मुलांस घराबाहेर न पडण्याची सूचना दिली. आईबापांनी रात्र कशी काढली असेल ते सांगावयास नको.

त्या घराने आपला प्रश्न न्यावा कोठे? हर्णे रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी दापोली विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी रायगडास जोडलेला आहे. तेव्हा जावयाचे ते रायगडच्या खासदाराकडे. परंतु रायगडचे मतदान ७ मे रोजी होऊन गेले होते आणि निकाल ४ जूनला लागावयाचा होता. जुनी लोकसभा शेवटची बसली ती फेब्रुवारीत. नवी बसली २४ जूनला. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही हे खरे, पण तिचीही बैठक त्या वेळी चालू नव्हती. म्हणजे बिश्केकची ती रात्र दोन अधिवेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडली. जे काही केले ते दूतावासाने आणि परराष्ट्रखात्याने केले. त्यांनी ते नीट केले की नाही हे त्या आठवड्यात विचारू शकेल असे सभागृह भरलेले नव्हते.

प्रश्न आला तो जुलैत. परदेशांत मृत्यू पावलेल्या भारतीय विद्यार्थ्यांविषयी २६ जुलै २०२४ रोजी लोकसभेत लेखी उत्तर देण्यात आले. मागील पाच वर्षांत असे ६३३ मृत्यू झाले होते, त्यांपैकी १९ हल्ल्यांत. देशवार यादीत कॅनडा सर्वांवर, १७२. किर्गिझस्तानपुढे आकडा होता १२. हे बारा मृत्यू पाच वर्षांतील आहेत, एका रात्रीतील नव्हेत. त्यांत आजाराने किती गेले, रस्त्यावरील अपघातात किती, कोणत्या महाविद्यालयांतील मुले होती, वसतिगृहाची व्यवस्था कोणाकडे होती, हे बाराच्या आकड्यावरून कळत नाही. तोंडी उत्तर असते तर पुरवणी प्रश्न विचारता आला असता. लेखी उत्तरावर ती सोय नाही. त्यासाठी पुन्हा पंधरा दिवसांची सूचना, पुन्हा सोडत. पण ती सूचना देणाऱ्या खासदारास आता एक आधार आहे. तो आकडा सरकारने स्वतः लिहून दिलेला आहे, तो लोकसभेच्या कामकाजात छापला गेला आहे आणि कोणत्याही नागरिकास वाचावयास मिळतो. बिश्केकला मूल असलेल्या आईबापांनी खासदारास पत्र लिहावयाचे झाले, तर त्यात उत्तराची तारीख व आकडा घालावा आणि ह्या बारांचा तपशील काय, एवढेच विचारावे.