ओढून नेणारा पतंग

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर थंडी सरली की दुपारचा वारा बदलतो. सकाळचा मंद मतलई वारा थांबतो, थोडा वेळ पानही हलत नाही, आणि जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुटतो. थेट पाण्यावरून येत असल्याने त्यात झटके कमी असतात. पॉवर काईट, म्हणजे माणसालाच ओढून नेणारा पतंग शिकायला असा वारा लागतो.

या पतंगात कामट्या नसतात. कापडाचे कप्पे पुढून उघडे असतात. वारा भरला की त्यांना विमानाच्या पंखाचा आकार येतो. डोमिना जाल्बर्ट यांनी १९६०च्या दशकात ही रचना केली. दोन किंवा चार दोऱ्या, हातांत मुठी. ढील देणे हा प्रकारच नाही. दोऱ्यांची लांबी ठरलेली, साधारण २० ते २५ मीटर.

नवशिक्याला चकवते ती ओढ. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात दोन चौरस मीटरचा पतंग एका जागी धरला, तर हाताला दोन-अडीच किलोचा भार जाणवतो. तोच पतंग आडवा धावू लागला आणि त्याला लागणारा वारा तिप्पट झाला, की ओढ नऊपट, म्हणजे वीस किलोंच्या वर. माइल्स लॉइड यांनी १९८०मध्ये याच तत्त्वावर पतंगांपासून वीज मिळवण्याचं गणित मांडलं.

म्हणून आधी शिकायचं ते ओढ कुठे नसते हे. पाठ वाऱ्याकडे करून उभं राहिलं की समोर पाव गोलाएवढं आकाश पतंगाला मोकळं असतं. त्याच्या मधोमध, खालच्या बाजूला ओढ सर्वाधिक. डोक्यावर आणि डाव्या-उजव्या कडांना सर्वांत कमी. पतंग घाबरून खाली खेचण्यापेक्षा डोक्यावर नेऊन ठेवता येणं हा पहिला धडा.

वेळणेश्वरची अडचण माडांची. समुद्राकडे पाठ केली की पतंग सरळ त्यांच्या रोखाने जातो. त्यामुळे ओहोटीची वेळ गाठावी आणि पाण्यालगतच्या घट्ट, ओल्या वाळूवर उभं राहावं. वारा वायव्येचा असेल तर पतंग किनाऱ्याला तिरका, आग्नेयेकडे झुकतो, तेवढीच जागा जास्त मिळते. सकाळी पतंग पाण्यावर राहील म्हणून मतलई वाऱ्याचा मोह होतो. पण तो माडांतून अडखळत येतो, आणि ओढतो तो समुद्राकडे. पर्यटकांची गर्दी असेल तर मात्र कुठल्याच वाऱ्यात पतंग काढू नये. ताणलेली बारीक दोरी कातडी कापते; मांजाचे अपघात आपल्याला नवे नाहीत.

सुरुवातीला दीड-दोन चौरस मीटरचा पतंग पुरे, वारा ताशी १२ ते २० किलोमीटर. मोठ्या पतंगाची हौस खर्चिकही आणि धोक्याचीही. चार दोऱ्यांच्या पतंगात मुठी सोडल्या तरी मनगटाचे पट्टे ब्रेकच्या दोऱ्या धरून ठेवतात आणि पतंग गळून पडतो. मुठी सोडण्याचा सराव हलक्या वाऱ्यातच करावा, कारण घाबरलेला माणूस त्या आणखी घट्ट धरतो.

पुढची पायरी पतंगाने ओढायच्या तीन चाकांच्या गाडीची. ही कल्पना जुनी आहे. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६मध्ये पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. पथकर घोड्यांच्या संख्येवर ठरे, त्यामुळे या बिनघोड्यांच्या गाडीला तो लागत नसे, असं सांगतात.