साथीच्या दिवसांत झाडावरचे काम

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, नाणेघाटापासून आहुप्यापर्यंतच्या डोंगरात, हिरड्याचे झाड म्हणजे घरातले एक कमावते माणूसच. भात चार महिन्यांचे. हिरडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या फळ देतो. आठी धरण्यापूर्वीच कोवळे फळ उतरवावयाचे, उन्हात वाळवावयाचे आणि बाळहिरडा म्हणून विकावयाचे. पावसाळ्याची बेगमी कितीतरी घरांत याच पैशावर होते.

अशा या मुलखावर ३ जून २०२० रोजी घाला पडला. ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने कोकणात शिरले आणि घाट चढून आपल्याकडे आले. हिरड्याची झाडे मुळासकट कलंडली, फांद्या पिळवटून निघाल्या, वाटा अडल्या. अशा वेळी गावाने एक होऊन झाडे बाजूला करावीत, ही आपली रीत. पण नेमकी तेव्हाच कोरोनाची साथ चालू होती. एक संकट म्हणे, जवळ या; दुसरे म्हणे, दूर व्हा! मग माणसाने करावे तरी काय?

मंडळी, तुम्ही म्हणाल, ती साथ आता ओसरली, जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग हा विषय कशाला? पण साथ ही पुन्हा येणारी पाहुणी आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, १९१८ साली इन्फ्लुएंझा आला, २००९ साली स्वाइन फ्लू आला. आणि वादळ काही साथ संपण्याची वाट पाहत नाही. म्हणून दोन्ही एकदम आली तर काम कसे करावे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

प्रथम रोगाची चाल समजून घेऊ. कोरोना, इन्फ्लुएंझा यांसारखे रोग मुख्यत्वे श्वासातून, खोकल्यातून, बोलण्यातून पसरतात. बंद जागेत ती हवा कोंडून राहते, मोकळ्या रानात वाऱ्याने पांगते. आता विचार करा. झाडावर चढलेला गडी खालच्यापासून चांगला वीस हात दूर असतो. तिथे धोका कमी. मग जास्त कुठे? ज्या जीपमध्ये दहा जण दाटीने बसून येतात तिथे. पावसाची सर आली म्हणून सगळे एका पडवीत शिरतात तिथे. चहाला, भाकरीला आणि चुन्याच्या एकाच डबीला सगळे जमतात तिथे. म्हणजे बघा, साथीचा धोका कामात थोडा आणि विसाव्यात फार!

हे एकदा पटले की बाकीचे नियम सोपे आहेत. टोळी लहान ठेवावी, चारपाच जणांची, आणि रोज तीच माणसे असावीत. आज या टोळीत, उद्या त्या टोळीत, असे करू नये. म्हणजे एकाला रोग झाला तरी तो एका टोळीपुरता राहतो. शक्य तर पायी किंवा आपापल्या दुचाकीने यावे. जीप घेतलीच तर माणसे थोडी आणि खिडक्या उघड्या. भाकरी सावलीत पण अंतर राखून खावी, पाण्याचा तांब्या ज्याचा त्याचा.

कुऱ्हाड, कोयता ज्याचा त्याने वापरावा. यंत्राची करवत एकानेच चालवावी; दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी मुठी साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसाव्यात. इथे एक गोष्ट ध्यानात धरा. हाताला लावावयाचे जंतुनाशक म्हणजे बहुतांशी मद्यार्क; ते पेट घेते. तापलेल्या इंजिनाजवळ, पेट्रोलच्या डब्याजवळ ते उघडू नये. रानात साबण-पाणी हेच उत्तम. दोघांना शेजारी शेजारी उभे राहावे लागले, किंवा दोघांनी ओढावयाची करवत धरावी लागली, तर तोंडावर मुखपट्टी हवी. ती घामाने भिजली की बदलावी. म्हणून जवळ दोनतीन ठेवाव्यात.

पण साथीच्या भीतीने झाडाची भीती विसरू नका, बरं का! अंतर ठेवावयाचे म्हणून एकट्याने झाडावर चढणे हा शुद्ध आततायीपणा. खाली दुसरा माणूस हवाच. वादळात पडलेले झाड तर उभ्या झाडाहून कपटी. वाकून ताणलेली फांदी कापली की धनुष्यासारखी उसळते. तिच्या दबलेल्या अंगाला आधी थोडा काप द्यावा, मग ताणलेल्या अंगाने सावकाश कापावे आणि ती उसळेल त्या वाटेत उभे राहू नये. मुळासकट कलंडलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा मातीसकट गड्डा एकदम उलटून पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात कुणी, विशेषतः पोरेबाळे, नाहीत ना हे आधी पाहावे. तारेवर पडलेल्या झाडाला, वीज बंद केल्याचे वायरमनने स्वतः सांगितल्यावाचून हात लावू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सारे नियम एका माणसापाशी येऊन अडतात: अंगात कणकण असूनही कामावर येणाऱ्या माणसापाशी. तो का येतो? अडाणी म्हणून नव्हे. खाडा पडला तर संध्याकाळची चूल पेटत नाही म्हणून. ‘आजारी असाल तर घरी राहा’ असे सांगणे फुकटचे आहे. त्या दिवसाचा रोज देणे पैशाचे आहे. म्हणून काम सुरू करतानाच ठरवावे की, आजारी गड्याचा रोज मालकाने आणि टोळीने वाटून उचलावयाचा. चार जणांवर तो बोजा थोडा पडतो. तो आजारी माणूस कामावर आला तर पाच घरांवर पडतो. शिवाय तापाने गरगरणारा माणूस झाडावर चढला तर रोगाआधी झाडच त्याचा घास घेईल.

आणखी एक विनंती. घाईने सारेच तोडू नका. रस्ता मोकळा करणे भागच आहे. पण शेतातले झाड हलविण्यापूर्वी पंचनामा करून घ्यावा. थोडे कललेले, मुळे धरून असलेले झाड जगू शकते. फाटलेली फांदी नीट कापून काढली तर जखम भरून येते. उभा हिरडा परवानगीवाचून तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने बंदी आहेच. पण कायद्यापेक्षाही मोठे म्हणजे, आज लावलेला हिरडा हाती पैसा देईपर्यंत बरीच वर्षे जातात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, साथीच्या काळात तुमच्यापैकी कित्येक जण सर्वेक्षणासाठी घरोघर हिंडलात. गावाचा तुमच्यावर विश्वास आहे. पावसाळ्यापूर्वी एक दिवस शाळेच्या ओट्यावर झाडावर चढणाऱ्या मंडळींना बोलवा आणि हे बोलणे घडवून आणा. आणि मुलांना एवढे अवश्य सांगा: झाड कापत असतील तिथे झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभे राहावयाचे.

वादळात पडलेला हिरडा पुन्हा लावता येतो. तो लावणारा हात मात्र शाबूत राहिला पाहिजे.