खारं वारं आणि चार्जिंग जॅक

वैतरणेच्या मुखावरच्या दातिवऱ्यात मोबाइलचा मोठा शत्रू म्हणजे खारा दमटपणा. ओल्या जॅकमध्ये चार्जर लावला की वीज आणि मीठ मिळून तांबं खातात. पिनांवर हिरवट थर चढतो. असा जॅक जोर लावून ओढला, तर त्याखालचा तांब्याचा पॅडही बोर्डवरून उखडतो. तरी बोर्ड गेला असं लगेच मानू नका. तुटलेल्या ट्रॅकवरचा रंग ब्लेडने अगदी हलक्या हाताने खरवडायचा, उघड्या तांब्यावर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर द्यायचा आणि तिथून पिनपर्यंत केसासारख्या इनॅमल तारेचा जंपर मारायचा. बॅटरी जोडण्याआधी 5 व्होल्टची लाइन ग्राउंडला शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरने तपासायचंच. आणि भिजलेला फोन पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नका.